सावळदरा मंडळ : ५८८ मिलिमीटर

त्या वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सावळदरा येथील पर्जन्यमापकात ५८८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सावळदऱ्याला लागून असलेल्या चार महसूल मंडळांत तो २८१, ३०२, २९७ आणि २७४ मिलिमीटर होता. त्यांपैकी सर्वांत जवळचे तांबोळवाडी सात किलोमीटरवर आहे आणि मध्ये डोंगर नाही. ऑक्टोबरअखेर सावळदऱ्याच्या बावन्न विहिरींपैकी सत्तेचाळीस विहिरींत पाणी नव्हते.

दुष्काळी मंडळांची यादी सात नोव्हेंबरला आली. ती तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवण्याचे काम कोतवाल धुळाजीचे होते. त्याने कागदाच्या चारही कोपऱ्यांना डिंक लावला, तळहाताने कागद सपाट केला आणि तो बाजूला उभा राहिला. यादीचा निकष वरच लिहिलेला होता. ज्या मंडळात सरासरीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपेक्षा कमी पाऊस, ते मंडळ दुष्काळी. सावळदऱ्याची सरासरी ६९० होती. ५८८ म्हणजे पंच्याऐंशी टक्के.

बंकटचे रान धुळाजीच्या रानाला लागून होते. त्याने यादी वरून खाली आणि मग खालून वर वाचली.

"तात्या, आपलं नाव कुटं हाय?"

"न्हाई."

"दुसरं पान असंल की."

"दुसरं पान न्हाई."

मागे आश्रुबा काठी टेकून उभा होता. तो आणि धुळाजी एका वयाचे. लहानपणी दोघांनी एकाच वाड्याची मेंढरे राखली होती. तो म्हणाला, "काय बे धुळ्या, तुझ्या भांड्यात पडतो तो पाऊस आमच्या रानात कावून पडत न्हाई?"

लोक हसले. हसणे लवकर थांबले.

"पावसाला इचार," धुळाजी म्हणाला.

"पावसाला इचारलं. तो म्हनला, मी आलोच न्हवतो."

भांडे तिथेच, कार्यालयाच्या आवारात तारेच्या कुंपणात होते. जमिनीत अर्धा गाडलेला नळकांड्यासारखा भाग, त्यावर नरसाळ्यासारखे तोंड, आत बाटली. रोज सकाळी आठ वाजता धुळाजी कुंपणाचे कुलूप काढी, तोंड उचली, बाटलीतले पाणी काचेच्या मोजणीच्या ग्लासात ओती, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणी आणि रेघ वाची. मग आकडा वहीत लिही आणि तालुक्याला फोन करी. बावीस वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. थोरला भाऊ वारला त्या दिवशीही त्याने आधी आकडा लिहिला होता आणि मग तो मातीला गेला होता. याबद्दल गेल्या प्रजासत्ताक दिनी तालुक्याला त्याचा सत्कार झाला. शाल घरात खुंटीला होती.

सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या कचेरीतून एकदा विचारणा झाली होती, की सावळदऱ्याचा आकडा जास्त कसा. धुळाजीने सांगितले, आकडा बरोबर आहे. कचेरीने वर कळवले, 'पाऊस स्थानिक स्वरूपाचा'. या तीन शब्दांवर सर्वांचे समाधान झाले.

*

धुळाजीच्या दावणीला तीन जनावरे होती. एक बैलजोडी आणि एक लाल कंधारी गाय, पाच महिन्यांची गाभण. घरात बायको छबुबाई आणि सून ताराबाई. मुलगा मुंजाजी ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर माजलगावकडे होता. ताराबाईला चौथा महिना लागला होता, म्हणून ती गावी राहिली. ती ब्लाउज शिवत असे. दुष्काळात ब्लाउज कोणी शिवत नव्हते.

कडबा डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरला. त्यानंतर दिवसाचा क्रम असा ठरला: पहाटे छबुबाई आणि ताराबाई ओढ्यातल्या झऱ्यावर जात. झरा म्हणजे वाळूत खणलेला हातभर खड्डा. वाटीने पाणी उपसून एक हंडा भरायला पाऊण तास लागे. पोटुशा सुनेला वाकायला नको म्हणून छबुबाई खड्ड्यात उतरे आणि ताराबाई वरून वाटी घेई. धुळाजी आठची नोंद करून कोयता घेऊन निघे आणि सुबाभळीचा पाला, घायपाताचा गाभा, निवडुंगाची पाने जे मिळेल ते आणी. निवडुंगाचे काटे जाळावर भाजून काढावे लागत. छबुबाईच्या डाव्या हाताची दोन बोटे काट्याने पिकली. तिने त्यांना हळद बांधली आणि उजव्या हाताने काम चालू ठेवले.

पाला खाऊन बैलांना हगवण लागली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बरगड्या लांबून मोजता येऊ लागल्या.

तांबोळवाडीला चारा छावणी उघडली होती. धुळाजी आणि छबुबाईने तिन्ही जनावरे सोडली आणि ती सात किलोमीटर चालवत नेली. वाटेत डावा बैल दोनदा बसला. छावणीच्या फाटकात बांबूचा आडणा होता आणि मागे टेबलावर एक तरुण वही घेऊन बसला होता. त्याने आधी जनावरांच्या कानांतले बिल्ले पाहिले, मग वही.

"गाव?"

"सावळदरा."

तरुणाने पेन खाली ठेवले. "सावळदरा? अवो, तुमच्याकडं तर लई पाऊस झालाय. उलट आमालाच टँकर भरून द्या."

आतल्या चार-पाच जणांनी वळून पाहिले. एक जण म्हणाला, "हे तर पाऊस मोजनारं कोतवाल हायती. कावो कोतवाल, आमच्याकडं बी मोजायला येत जा की. आमच्यातला मानूस लई कमी मोजतो."

"मंडळाबाहेरची जनावरं घेता येत न्हाईत," तरुण जरा नरमाईने म्हणाला. "बिल्ला तपासत्यात. आमची छावनी बंद व्हईल."

आत उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या सोडत होते. हिरव्या पानांचा वास आला आणि गायीने आडण्यावरून मान पुढे टाकली. धुळाजीने कासरा ओढला. ती मागे सरेना. छबुबाईने पुढे होऊन तिच्या तोंडावर पदर धरला आणि दोघांनी तिला डोळे झाकून फाटकातून वळवले.

*

सुंदरराव गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा चेअरमन होता. छावणी मंजूर झाली असती तर ती त्याच्या संस्थेनेच चालवली असती. त्याने धुळाजीला संस्थेच्या कार्यालयात बोलावले. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता.

"बस, धुळाजी. चहा घे. दूध नाही, कोरा आहे."

धुळाजी बाकाच्या टोकाला बसला.

"मी कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. ते म्हणतात, आकडा आहे तोवर आमचे हात बांधलेले आहेत. आकडा चुकला असं ज्याने लिहिला त्यानेच कबूल केलं, तर फेरप्रस्ताव घेतील. पंधरा फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे. आठ दिवसांत छावणी उभी करतो. आपल्या मंडळात अकरा गावं, सहा हजार चारशे जनावरं. वाच."

धुळाजीने कागद दूर धरून वाचला. त्यात लिहिले होते की, आपण गेल्या पावसाळ्यात कामात कसूर केली, पर्जन्यमापक प्रत्यक्ष न पाहता घरी बसून अंदाजाने आकडे लिहिले, त्यामुळे ते अवास्तव जास्त आले. याबद्दल होणारी कारवाई आपणास मान्य आहे.

"हे खोटं हाय, मालक."

"खोटं काय त्यात? विहिरी बघ. तुझे बैल बघ. रान एक सांगतंय आणि वही एक सांगतेय. दोन्हीतलं एक चुकलंय. रान चुकेल का?"

"वही बी चुकली न्हाई. मी रोज गुडघ्यावर बसून आकडा पाह्यलाय. घरी बसून एक रेघ लिवली न्हाई."

"कारवाईला भितोस? आम्ही सांभाळून घेऊ. एखादी समज देतील, बस्स."

"समज कशाची? मी केलं न्हाई त्याची?"

सुंदररावाने चहाचा कप बाजूला सारला. "सहा हजार चारशे जनावरं, धुळाजी. तुझ्या इमानाला ओलं कोरडं कळत नाही."

"मी पाह्यलं त्येच लिवलं," धुळाजी म्हणाला आणि उठला.

ही गोष्ट तो घरी पोहोचण्याच्या आत घरी पोहोचली होती. छबुबाई जात्याजवळ निवडुंगाचे तुकडे करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"सही कराया काय झालतं? हात मोडला व्हता?"

"कागदात काय व्हतं ते ठाव हाय का तुला?"

"मला वाचता येत न्हाई. ह्या मुक्या जनावरांना बी येत न्हाई." तिने कोयता लाकडावर आपटला. "खुंटीवरची शाल काडा आन घाला त्यांच्या म्होरं. खात्यात का बगा."

दुसऱ्या दिवसापासून गावात त्याच्याबद्दल दोन मते झाली. एक असे की, भरपाई द्यावी लागू नये म्हणून पीकविमा कंपनीने त्याला गाठले आहे. दुसरे असे की, तो नुसता आडमुठा आहे. त्याला गाठले असते तर त्याच्या दावणीला तरी कडबा दिसला असता, हा मुद्दा आश्रुबाने मांडला. तो कोणाला फारसा पटला नाही. संस्थेच्या हौदावर त्याच्या घागरीचा नंबर शेवटी लागू लागला. पंधरा फेब्रुवारी आली आणि गेली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने बैल वडवणीच्या बाजारात नेले. त्या बाजारात चार तालुक्यांची जनावरे उतरली होती. गिऱ्हाईक दात पाहत नव्हते. शेवटच्या बरगडीमागे अंगठा दाबून मांस किती ते पाहत होते. जे हातात पडले ते धुळाजीने न मोजता बंडीच्या खिशात ठेवले. विकलेल्या जनावराबरोबर दावे देत नाहीत, म्हणून दोन्ही दावी सोडून घेतली आणि ती खांद्यावर टाकून तो एसटीने परत आला. त्या पैशांचा कडबा गायीला तीन आठवडे पुरला असता. पण मार्चच्या पहिल्या तारखेला गाय बसली ती उठेना.

बसलेले जनावर उठवून उभे केले नाही तर त्याच्या मांड्या बधिर होतात. छबुबाईने पोत्यांचा पट्टा शिवला. तो गायीच्या पोटाखालून घालून, वर आढ्याला दोर बांधून, सकाळ-संध्याकाळ तिला उचलावे लागे. त्याला चार माणसे लागत. घरात तीन होती आणि त्यांत एक पोटुशी. पहिल्या दिवशी धुळाजी गल्लीत जाऊन उभा राहिला. त्याला हाक मारता येईना. बंकट आपणहून आला.

"धरा, तात्या. वर्सभर तुमचा पाऊस उचलला, आता गाय उचलतो."

त्यानंतर तो रोज दोन्ही वेळेला आला. बोलणेही रोज नवे आणी.

*

नऊ मार्चला दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेला ढग आले आणि अवकाळी पाऊस झाला. अर्ध्या तासात थांबला. पाऊस सुरू होताच गावातल्या सगळ्या बायका करतात तेच ताराबाईने केले: घरात होते नव्हते ते भांडे अंगणात मांडले. परात, पातेली, पिठाचा उभा डबा, वरचा पत्रा कापलेला तेलाचा चौकोनी डबा, कळशी. आभाळातून फुकट येणारे पाणी झऱ्यातल्या वाटीवाटीच्या पाण्यापुढे फार मोठे दिसत होते. सांजेला तिने परातीतले आणि पातेल्यांतले पाणी हंड्यात ओतले. दोन डबे मात्र झाकण ठेवून तसेच राहिले.

सकाळी आठ वाजता धुळाजीने नोंद केली: २२ मिलिमीटर. फोन लावला. पलीकडे कारकून म्हणाला, "तांबोळवाडी अकरा. तुमचे बावीस. धुळाजी, तुमच्यावर इंद्राची फारच कृपा आहे बुवा."

तो घरी आला तेव्हा ताराबाई डब्यातले पाणी ओतायला निघाली होती.

"मामा, किती झाला?"

"बावीस मिली."

ती थांबली. तिने डबा परत खाली ठेवला. "मिली म्हंजे मिलिमीटरच ना? टेपावरले?"

"टेपावरले कशाला? ग्लासावरले."

"ग्लासावर तेच लिवलेलं असंल ना पन. बारक्या रेघा. धा झाल्या की एक सेंटिमीटर." ती आत गेली आणि शिवणकामाचा टेप घेऊन आली. टेपाचे पत्र्याचे टोक तिने तेलाच्या डब्यात तळाला टेकवले, वर काढले आणि ओली खूण बोटाने धरली. "हे बगा. अकरा."

"डबा मोठा हाय. त्यात पानी पसरतं."

"पसरलं तर आत पडलं बी तेवडंच की जास्त." तिने टेप पदराला पुसला आणि पिठाच्या डब्यात घातला. पिठाचा डबा तेलाच्या डब्याच्या निम्मा होता. ओली खूण पुन्हा अकराव्या बारक्या रेघेवर आली.

धुळाजी उकिडवा बसला. त्याने टेप तिच्या हातातून घेतला आणि स्वतः दोन्ही डब्यांत घालून पाहिला. त्याची नजर अधू नव्हती. बावीस वर्षे ती याच कामाला होती.

"रातीत आटलं असंल."

"झाकन व्हतं, मामा."

छबुबाई गायीपाशी बसून तिच्या तोंडात पेंडीचे पाणी सोडत होती. "काय चाललंय?" तिने विचारले.

बावीस वर्षांत धुळाजीला कोणी सांगितले नव्हते की, मिलिमीटर ही पाण्याची उंची असते. रानावर पडलेले पाणी न मुरता, न वाहता उभे राहिले असते तर जितके उंच राहिले असते तितकी. आणि ती उभ्या कडांच्या कोणत्याही डब्यात तितकीच येते. त्याला रेघ वाचायला शिकवले होते. त्याने रेघ वाचली होती.

"मामा," ताराबाईने हळू विचारले, "ग्लास पयल्यापासूनचाच हाय का?"

धुळाजीने टेप गुंडाळला.

"न्हाई," तो म्हणाला. "मे म्हैन्यात फुटला. धुवून कट्ट्यावर पालथा घातला व्हता, वाऱ्यानं पडला. सत्काराला चारच म्हैने झालते. कळवलं असतं तर चौकशी लागली असती. तुझ्या सासूच्या भावाकडून, धोंडीरामकडून दुसरा आनला. कारखान्यातल्या पाऊसयंत्राचा."

"तसाच?"

"तसाच. तेवडाच उंच, तेवडाच जाड. पयल्यावर धापर्यंत रेघा व्हत्या. ह्याच्यावर ईसपर्यंत हायती. मला वाटलं, सुधारलेला हाय. जास्ती पानी एका खेपंला मोजता यावं म्हनून."

ताराबाईने तोंडावर पदर धरला. मग ती डब्यातले पाणी हंड्यात ओतायला लागली, कारण ते पाणी होते.

*

धुळाजीने पर्जन्यमापकाचे वरचे तोंड काढले, ते पंच्यात गुंडाळले आणि पाच किलोमीटर चालत कारखान्यावर गेला. सहकारी साखर कारखाना बंद पडून चार वर्षे झाली होती. धोंडीराम, म्हणजे छबुबाईचा भाऊ, तिथे अजून रखवालदार होता.

"या दाजी. गाळप हंगाम बगाया आले का?" धोंडीरामने फाटक उघडले. "पंच्यात काय बांधलंय? भाकरी आसल्या तर दोगं खाऊ."

"मे म्हैन्यात तू ग्लास दिलता, ते यंत्र कुटं हाय?"

"बेण्याच्या मळ्यात. कावून?"

मळ्यात आता वेडी बाभूळ होती. कारखाना चालू असताना तिथे उसाचे बेणे वाढवत आणि शेतकी खात्याचा माणूस रोज पाऊस मोजत असे. तारेचे कुंपण चोरीला गेले होते, यंत्र राहिले होते. त्याचा कोणाला उपयोग नव्हता. धुळाजीने त्याचे तोंड हिसका देऊन काढले. नंतर पंचा सोडून आपल्या यंत्राचे तोंड काढले आणि जमिनीवर उपडे नव्हे, उताणे ठेवले. मग कारखान्याचे तोंड त्यात सोडले. ते आत गेले. चहूबाजूंनी दीड बोट मोकळे राहिले.

"बसतंय की," धोंडीराम म्हणाला. त्याला काही कळले नव्हते.

धुळाजीने दोन्ही कडा अंगठ्याने पुसल्या. सावळदऱ्याच्या तोंडाच्या पितळी कडेवर २०० असा शिक्का होता. तो बावीस वर्षे त्याने पाहिला होता आणि यंत्राचा नंबर समजला होता. कारखान्याच्या कडेवर १०० होते. हे आकडे तोंडाच्या क्षेत्रफळाचे, चौरस सेंटिमीटरचे होते; सावळदऱ्याच्या तोंडात दुप्पट पाणी पडत होते.

"तू मला सांगितलं कावून न्हाई, ह्याचं तोंड बारकं हाय म्हनून?"

"दाजी, तुमी म्हनला ग्लास पायजे. मी ग्लास दिला. तोंड मागितलं असतं तर तोंड दिलं असतं." धोंडीराम चपापला होता. "काय बिगाडलं काय त्यानं?"

धुळाजीने दोन्ही तोंडे वेगळी केली.

*

दुसऱ्या दिवशी तो तोंड, ग्लास आणि नोंदवही घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. रोज फोनवर आकडा घेणारा कारकून राधाकिशन याने सगळे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने कपाटातून पाचही मंडळांच्या पावसाची फाईल काढली. पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की, चार महिन्यांत पावसाचे दिवस पाचही ठिकाणी तेवीस ते पंचवीस होते. जिथे तांबोळवाडीला नऊ तिथे सावळदऱ्याला एकोणीस, जिथे चौदा तिथे सत्तावीस. पाचही मंडळांचे कागद नऊ महिने एकाच फाईलमध्ये होते. कोणी भागाकार केला नव्हता.

"बरोबर निम्मं," राधाकिशन म्हणाला. "दोनशे चौऱ्याण्णव. बेचाळीस-त्रेचाळीस टक्के. तुम्ही तर पहिल्या यादीत बसत होता."

"मग आता बसवा, साहेब. गाय बसलीय माजी. छावनीत नेली तर..."

"मुदत पंधरा फेब्रुवारीला संपली. संगणकावर हंगाम बंद झालाय. आता मलाच काय, कलेक्टरांनाही आकडा बदलता येत नाही." त्याने वही बंद करून परत दिली. मग जरा घुटमळून म्हणाला, "धुळाजी, आकडे चुकलेत एवढंच तर जानेवारीत तुमच्याकडून लिहून हवं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, बरोबर आहेत."

"त्यात घरी बसून लिवलं असं व्हतं."

"कारण काही का असेना, आकडे चुकले होते ना?"

धुळाजीने वही काखेत धरली.

"वहीत शेऱ्याचा रकाना असतो," राधाकिशन म्हणाला. "त्यात लिहून ठेवा हवं तर. पुढेमागे कोणी वाचलं तर वाचलं."

तो चारच्या एसटीने परतला. आढ्याला पोत्यांचा पट्टा मोकळा लोंबत होता. बंकट आणि आणखी दोघे गायीच्या पायांना दोर बांधत होते. बंकटने त्याच्याकडे पाहिले आणि त्या दिवशी तो काही बोलला नाही. पोट फुगलेले होते. आतले वासरू आठ महिन्यांचे झाले असते. ओट्यावर ताराबाई दोन्ही हात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हनले?" छबुबाईने विचारले.

"शेरा लिवा म्हनले."

"मंग लिवा," ती म्हणाली आणि दोराचे चौथे टोक धरायला गेली.

बारा मार्चला सकाळी आठ वाजता धुळाजीने कुंपणाचे कुलूप काढले, तोंड परत बसवले, बाटली पाहिली आणि वहीत पाऊस ०.० असा लिहिला. मग तो कट्ट्यावर बसला आणि शेऱ्याच्या रकान्यात, तो अपुरा पडल्यावर समासात, पुढीलप्रमाणे लिहिले:

'दिनांक १ जूनपासून १० मार्चपर्यंतचा सर्व पाऊस दुप्पट लिहिला गेला आहे. आपल्या यंत्राचे तोंड २०० चे आहे. मोजण्याचा ग्लास १०० च्या यंत्राचा होता. आपला ग्लास २८ मे रोजी माझ्या हातून फुटला. तो मी कळवला नाही. कारखान्याचा ग्लास मी आणून वापरला. दोन्ही ग्लास सारखे दिसतात. आकडे मी रोज पाहून लिहिले. चार महिन्यांचा खरा पाऊस २९४ मिलिमीटर. धुळाजी, कोतवाल, सावळदरा.'